कचेरीच्या जुन्या आवारात नवी इमारत: कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या गावी इंग्रजी अमदानीतली दगडी जिल्हाधिकारी कचेरी आहे. त्याच आवारात जुने कोषागार, न्यायालयाची कौलारू इमारत, मागे पत्र्याच्या शेड आणि पुढे वड, पर्जन्यवृक्ष असलेले मोठे पटांगण. सगळी खाती एका ठिकाणी आणणारी पाच मजली मध्यवर्ती प्रशासकीय इमारत मंजूर झाली आहे. ती पटांगणात उभी करायची की जुनी कचेरी पाडून तिच्या जागी, यावर बैठका चालू आहेत. तुम्ही नगररचना विभागात नव्याने रुजू झाला आहात आणि विचारता की अशा आवारात नवे बांधकाम करावेच का, आणि करायचे तर विचार कुठून सुरू करावा.

करावे. तीस वर्षे जतनाच्या कामात असलेला माणूस नव्या बांधकामाला नाहीच म्हणणार, असे लोक धरून चालतात. पण जुन्या सरकारी इमारतीतून काम निघून गेले की तिची कौले फेरायला पुढच्या वर्षी पैसे मंजूर होत नाहीत, आणि तीन-चार पावसाळ्यांत वासे कुजू लागतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आवारात काम टिकावे यासाठी मी भांडायलाही तयार असतो. काम टिकायचे तर जागा वाढवावी लागते. मात्र तुमच्यापुढे ठेवलेले दोन्ही पर्याय मला मान्य नाहीत. जुनी इमारत पाडू नये हे आजकाल बहुतेकांना पटवता येते. पटांगण वाचवा, हे पटवताना मात्र घसा कोरडा पडतो, कारण नकाशावर ती जागा कोरी दिसते आणि कोऱ्या जागेचा मोह सगळ्यांनाच पडतो.

ते पटांगण म्हणजे काय हे समजायला मुंबईला जा आणि एक संध्याकाळ ओव्हल मैदानावर काढा. पूर्वेच्या कर्मवीर भाऊराव पाटील मार्गावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेलात तर ओळीने लागतात: जुने सचिवालय (१८७४), विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर (१८७८), मग उच्च न्यायालय (१८७८), मग सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत. सचिवालय कर्नल विल्किन्सचे, न्यायालय कर्नल फुलरचे, विद्यापीठ जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे, आणि हा स्कॉट तर मुंबईला कधी आलाही नाही. तरीही ही रांग एका हाताने मांडल्यासारखी वाटते. का? सगळ्या इमारती एका रेषेत पश्चिमेला, म्हणजे मैदानाकडे आणि त्या काळी त्यापलीकडे जवळच असलेल्या समुद्राकडे तोंड करून आहेत. दुपारचे ऊन अडवायला आणि खारा वारा आत घ्यायला प्रत्येकीला खोल व्हरांडे आहेत. आणि उच्च न्यायालयासारखी ५६२ फूट लांबीची इमारत नजरेत मावावी एवढे अंतर समोर राखलेले आहे.

ते अंतर मुद्दाम राखलेले होते. आधी तिथे एस्प्लनेड होते, किल्ल्याच्या तटासमोर तोफांना मारा करता यावा म्हणून मोकळे ठेवलेले मैदान. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढून शहरात पैशाचा पूर आलेला होता. सगळी जागा भरून टाकता आली असती. इमारती कडेला बांधल्या आणि मधला भाग उघडा ठेवला. आजची ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदाने म्हणजे त्या एस्प्लनेडचेच तुकडे.

आता पाठ फिरवा आणि मैदानाच्या पलीकडे, महर्षी कर्वे रस्त्याकडे पाहा. बॅकबेच्या भरावावर १९३०च्या दशकात तिथे आर्ट डेको इमारती आल्या. सिमेंट काँक्रीट, गोल कोपरे, आडव्या पट्ट्या. समोरच्या गॉथिक टोकदार कमानींची त्यांत एकही नक्कल नाही. पण उंची एकसारखी, दर्शनी रेषा सरळ आणि मैदानाकडे तोंड. जून २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईचे 'व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह' जागतिक वारसा यादीत घेतले, ते या दोन्ही बाजू धरून: ९४ इमारती, ६६.३४ हेक्टर. साठ वर्षांच्या अंतराने आलेल्या, एकमेकींशी रूपाने अजिबात न जुळणाऱ्या दोन रांगांना मधल्या सुमारे २२ एकर गवताने एकत्र बांधले आहे. ऐतिहासिक आवारात नवे कसे बांधावे याचे याहून चांगले उदाहरण आपल्या राज्यात मला माहीत नाही. तुमच्या पटांगणाला मी म्हणूनच हात लावू देणार नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मेचे ध्वजवंदन तिथे होते, मोर्चे तिथे येऊन थांबतात, निवेदन देऊन झाल्यावर गावाकडची माणसे वडाच्या पारावर भाकरी सोडतात. ती जागा पाच मजल्यांखाली गेली की मोर्चा रस्त्यावर येईल आणि जुनी कचेरी नव्या इमारतीच्या पाठीमागची खोली होऊन बसेल.

मग जागा आणायची कुठून? इथे बहुतेक प्रस्ताव उलट्या टोकाने सुरू होतात. आधी चौरस मीटर ठरतात, मग जागा शोधली जाते. तुम्ही आधी खोल्या मोजा. शब्दशः प्रत्येक खोलीत जा, सोबत नाझर किंवा जुना अव्वल कारकून घ्या, आणि लिहा: इथे कोण बसते, किती जण भेटायला येतात, काय साठवले आहे. रुमालात बांधलेली दप्तरे, निर्लेखनाची वाट पाहणारी मोडकी कपाटे आणि खुर्च्या, बंद पडलेले संगणक, निवडणुकीचे साहित्य, जप्त माल. मी जिथे जिथे ही मोजणी केली तिथे 'जागा पुरत नाही' या वाक्याचा मोठा भाग माणसांचा नसून सामानाचा निघाला. स्कॅन झालेल्या अभिलेखांच्या मूळ प्रती जपायच्याच आहेत, पण त्या गावाच्या मधोमध, सर्वांत देखण्या दालनात ठेवायची गरज नाही. ही मोजणी महिनाभर खाते. त्या महिन्यासाठी भांडा, कारण त्यातून पाच मजल्यांचे तीन होऊ शकतात, आणि अशा आवारात पाच आणि तीन यांत फार मोठा फरक असतो.

मोजणी झाली की विचारा: यातले काय इथेच हवे, आणि काय हलू शकते? मुंबईने हा प्रश्न वेळोवेळी सोडवला आहे. राज्याचा कारभार वाढला तेव्हा १९५५ मध्ये सचिवालय नव्या इमारतीत गेले, तेच आजचे मंत्रालय. जुन्या सचिवालयात नगर दिवाणी व सत्र न्यायालय आले आणि दगडी जिने आजही पक्षकारांच्या पायांनी गजबजलेले असतात. उच्च न्यायालयाची गरज आताच्या इमारतीत मावत नाही, म्हणून वांद्रे पूर्वेला सरकारी वसाहतीच्या जमिनीवर नव्या संकुलाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. जुन्या इमारतीचे पुढे काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो आणि तो आताच विचारायला हवा. मधल्या सभागृहात १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला; दालनाबाहेर त्याची संगमरवरी पाटी आहे. त्या खोलीत न्यायाचे काम चालू राहणे आणि तिथे नुसती दोरी बांधून ठेवणे, यांत मी पहिल्याच्या बाजूचा आहे.

तुमच्या गावी हलवाहलव करताना एक काळजी घ्या. सगळे उचलून बायपासला नेऊ नका. नव्या कचेऱ्या गावाबाहेर गेल्या की एसटीने उतरलेल्या म्हातारीला सातबाऱ्यासाठी रिक्षाचे पैसे मोजावे लागतात, आणि जुन्या आवाराभोवतीचे दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते, झेरॉक्सवाले, चहावाले एकाच वर्षात उठतात. लोकांशी रोज संबंध येणारे टेबल आवारात ठेवा, तळमजल्यावर ठेवा. ज्यांच्याकडे सामान्य माणूस वर्षाकाठी एकदाही जात नाही ती कार्यालये आणि गोदामे बाहेर पाठवा.

यानंतर जागा वाचायची. सर्वेक्षणात झाडे, विहिरी, जुनी गटारे, तुळशीवृंदावन, दर्गा, तोफ, दीपस्तंभ, जे असेल ते घ्या. आणि उंच-सखल पातळ्या घ्या, दर पाच मीटरवर. पातळ्यांवर मी एवढा अडून का बसतो, ते दिल्लीच्या एका गोष्टीवरून सांगतो. रायसिना टेकडीवर राजधानी उभी राहत होती तेव्हा वर जाणाऱ्या रस्त्याचा चढ किती असावा यावर व्हाइसरॉयच्या वाड्याचा (आजचे राष्ट्रपती भवन) आर्किटेक्ट लुटियन्सने त्यापुढच्या सचिवालयांचा आर्किटेक्ट बेकरच्या प्रस्तावाला संमती दिली. पुढे त्याच्या ध्यानात आले की इंडिया गेटकडून येणाऱ्या माणसाला टेकडीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर व्हाइसरॉयचा वाडा चढाआड गेलेला दिसतो, नुसता घुमटाचा वरचा भाग उरतो. त्याने चढ बदलण्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले, पण खर्चाचे कारण देऊन ते कोणी मानले नाही. दोघा मित्रांचे बोलणे तुटले. तुम्ही आज विजय चौकात उभे राहिलात तर ती चूक डोळ्यांनी दिसते. एवढे मोठे आर्किटेक्ट, आणि काम बिघडले ते एका छेदचित्रावर, म्हणजे जमिनीचा चढउतार उभा कापून दाखवणाऱ्या चित्रावर.

तशीच एक चूक मीही केली आहे. एका तालुक्याच्या गावी जुन्या कचेरीमागे आम्ही नवी इमारत अगदी जपून, खाली ठेवून बसवली. पटांगणातून ती दिसत नव्हती. पण बाजारपेठेचा रस्ता तिथे उंचावरून उतरतो. बांधकाम झाल्यावर त्या रस्त्यावरून पाहिले तर जुन्या कौलारू आढ्याच्या बरोबर वर नव्या इमारतीची लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकी बसलेली. आम्ही पटांगणातूनच पाहिले होते, बाजारातून पाहिले नव्हते. तेव्हापासून मी नियम केला आहे: आराखडा मंजुरीला जाण्याआधी प्रस्तावित इमारतीच्या चारही कोपऱ्यांवर टाकीच्या माथ्याएवढे उंच बांबू बांधायचे, वर लाल कापड लावायचे, आणि साहेब, वकील मंडळी, नगरसेवक, सगळ्यांना घेऊन गावातून फिरायचे. वेशीतून, पुलावरून, एसटी स्टँडवरून, बाजारातून. कुठून कापड दिसते ते फोटोत टिपायचे. संगणकावरचे चित्र पाहून मान डोलावणारा माणूसही प्रत्यक्ष कापड पाहिले की बोलू लागतो. याला खर्च जवळजवळ नाही.

पातळ्या मोजताना आणखी एक गोष्ट हाती येईल. जुन्या कचेरीचे जोते मूळ किती उंच होते आणि आज किती उरले आहे. दरवर्षी जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर, मग पेव्हर ब्लॉक, मग पुन्हा डांबर. अनेक ठिकाणी पायऱ्यांतल्या दोन-तीन पायऱ्या जमिनीत गेलेल्या असतात. पाणी भिंतीकडे येते, दगडी भिंतीत चुन्याच्या सांध्यांमधून ओल चढते, आणि मग कोणीतरी ती ओल 'बंद' करायला आतून सिमेंटचे प्लास्टर मारते. त्याने ओल बंद होत नाही. बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती आणखी वर चढते. नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकात जुन्या जोत्याभोवतीचे हे थर काढणे, उतार दुरुस्त करणे आणि चुन्याचे काम चुन्यानेच करणे ही बाब आत्ताच घाला. नंतर स्वतंत्र मंजुरी मिळत नाही.

तुमच्या आवारात नव्याची जागा मला सरळ दिसते: मागे, जिथे आज पत्र्याच्या शेड आहेत. त्या जाऊ द्या, त्यांच्यासाठी कोणीही रडू नये. तिथे दोन किंवा तीन मजल्यांची, मधे अंगण ठेवलेली इमारत करा. तिची टाकीसकट उंची वेशीतून पाहताना जुन्या आढ्याच्या खाली राहिली पाहिजे. जुन्या भिंतीला चिकटवू नका. पावसात कोरडे जाता येईल अशी हलकी छपराची वाट पुरे, आणि ती काढली तर जुन्या दगडावर ओरखडाही राहू नये अशी बांधा. तळघरातल्या पार्किंगचा आग्रह होईल. जुन्या इमारतीचा पाया किती खोल आहे हे दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाहिल्याशिवाय त्याला हो म्हणू नका. शेजारी खोल खोदकाम आणि पाण्याचा उपसा सुरू झाला की चुन्यात बांधलेल्या लांब भिंतींना तडे जातात, आणि ते तडे कोणत्याही हमीपत्राने बुजत नाहीत. गाड्यांसाठी कंपाउंडबाहेर जागा शोधा. आगीचा बंब आवारात चारही बाजूंनी फिरला पाहिजे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले, पाच जण गेले. कागद, लाकडी पार्टिशन, खोटी छते आणि लोंबत्या वायरी प्रत्येक कचेरीत आहेत. तुमच्या जुन्या इमारतीत तर छतही सागवानी आहे.

रूप कसे असावे? 'हेरिटेज लूक' हा शब्द बैठकीत येईलच. फायबरच्या कमानी, दगडाच्या रंगाची टाइल, वर एक घुमटी. तेव्हा ओव्हलच्या पश्चिमेची आठवण करून द्या. जुन्याकडून घ्यायचे ते व्हरांड्याची खोली, खिडकीचे उभे प्रमाण, जोत्याची उंची, छताचा उतार, दगडाचा तळ. या गोष्टी उन्हापावसाने ठरवलेल्या आहेत, त्या आजही तितक्याच खऱ्या आहेत. नक्षी घ्यायची गरज नाही. शंभर वर्षांनी येणाऱ्याला कोणते १८७०चे आणि कोणते आपल्या काळचे हे कोणाला न विचारता कळावे.

लहान भर घालतानाही हाच विचार लागतो. चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलात, जे २०१६ पासून जागतिक वारसा आहे, आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएने बांधलेल्या उच्च न्यायालयात पहिल्या क्रमांकाच्या न्यायदालनासमोर व्हरांडा असावा की नाही हा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऊन-पावसात उभ्या राहणाऱ्या वकील-पक्षकारांची गरज खरी होती, आणि जगाने नोंद घेतलेल्या दर्शनी भागाची चिंताही खरी होती. न्यायालयाने शेवटी व्हरांड्याला मान्यता दिली. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण एका व्हरांड्यासाठी इतका विचार होतो, तर पाच मजल्यांसाठी किती व्हावा, हे तुम्ही वरिष्ठांना विचारू शकता.

आता परवानग्या. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली, श्रेणी आणि वारसा समिती आहे. देशात ही सुरुवात तिथेच झाली. तुमच्या गावी बहुधा यादीच नसेल. राज्याच्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहे, ती वाचा आणि आवार यादीत घालण्याचा प्रस्ताव याच निमित्ताने पाठवा. यादीत इमारतींसोबत पटांगणही 'परिसर' म्हणून आले पाहिजे. नुसत्या इमारती घातल्या तर मधली जागा उघडी पडते. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पूर्वपरवानगी, हे पहिल्याच दिवशी तपासा. झाडांसाठी १९७५चा कायदा आहे आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडे 'हेरिटेज ट्री' ठरतात. तुमच्या वडाचे वय सरकारी कागदावर येऊ द्या.

आणि हे सगळे आराखडा ठरण्यापूर्वी लोकांसमोर ठेवा. दिल्लीत सेंट्रल व्हिस्टाच्या, म्हणजे नवे संसद भवन आणि सरकारी कचेऱ्यांच्या प्रकल्पाच्या, खटल्यात ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने प्रकल्पाला वाट दिली. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांचे विरोधी मत मुख्यतः याच मुद्द्यावर होते: जमिनीचा वापर बदलताना लोकांना पुरेशी माहिती देऊन त्यांचे ऐकले गेले नाही आणि वारसा समितीची मान्यता आधी घेतली नाही. नवे संसद भवन बांधून २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, त्यामुळे निकालाच्या दृष्टीने विषय संपला. पण ते विरोधी मत नियोजन शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे मला वाटते. तुमच्याकडे लोक म्हणजे वकील संघ, दस्तलेखक, निवृत्त तहसीलदार, शाळेतले इतिहासाचे शिक्षक, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनाला तक्रार घेऊन येणारी माणसे. त्या सोमवारी वडाखाली टेबल टाका, आराखडा आणि लाल कापडाचे फोटो मांडा, आणि कोण काय म्हणते ते नावानिशी लिहून घ्या. कुठे पाणी तुंबते, कुठल्या जिन्यावर म्हातारे घसरतात, बायकांना स्वच्छतागृहासाठी कुठे जावे लागते, हे सल्लागाराच्या अहवालात येत नाही. तिथे येते.

सध्या मे चालू आहे, म्हणून पातळ्यांचे सर्वेक्षण आणि पायाचे खड्डे या महिन्यात उरकून घ्या. मग जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तासभर आवारात उभे राहा आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते नकाशावर बाणांनी काढा. तो नकाशा आणि खोल्यांची मोजणी मला पाठवा, मग मागच्या इमारतीचा पहिला आराखडा आपण एकत्र बसून काढू.